साहेब कोणाकडे पाहून बोलले

नांदगाव पेठच्या शिलाई कारखान्यात आमच्या लाइनीला चाळीस बाया. संडासला जायचं तर खिळ्याला टांगलेला लाकडी पास घेऊन जायचं, आणि पास एकच. माझ्या लघवीला जळजळ व्हायची. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. पण वेळेवर पास मिळणार नाही या भीतीनं मी दिवसभर पाणीच पीत नव्हते. हे फक्त माझ्या शेजारच्या मशीनवालीला माहीत होतं.

दुसरा पास मागायचं तिनंच काढलं. ती बुटकी, काळी, तोंडानं फटकळ. पण साहेबांकडे कोणी जायचं हे ठरवताना बायांनी अकोल्याच्या जठारपेठेतून लग्न होऊन आलेल्या उंच, गोऱ्या बाईचं नाव घेतलं. "तिले पाहूनच साहेब खुर्ची देतीन," एक जण म्हणाली. मीही हात वर केला. शेजारणीकडे पाहिलं नाही.

गोरी बाई केबिनमधून हसत बाहेर आली. "पाहतो म्हणाले." आत चहाही मिळाला म्हणे. पंधरा दिवस गेले, पास एकच. हिनं विषय काढला तरी होता का, असं माझ्या मनात येऊ लागलं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत शेजारीण म्हणाली, "चाल वो माय माझ्यासंगं. तुले बोलाची गरज नाई, नुसती उभी राय."

आत सगळं तीच बोलली. साहेब मात्र तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहत होते. मी अंगानं थोराड, केस पिकलेले. "काकू, तुमचं काय म्हणणं आहे?"

शेजारीण बाजूला सरकली. परक्या पुरुषापुढं ते सांगायचं म्हणजे जीव जात होता. खाली पाहून म्हटलं, "पाणी प्याले भेव वाटते साहेब. दुखणं वाढून राहिलं."

सोमवारी खिळ्याला दुसरा पास होता. बायांनी गोऱ्या बाईचे आभार मानले. "मी सांगितलंच होतं," ती म्हणाली. खरंच सांगितलं असेल, कोण जाणे.

शेजारीण मशीन चालवत हसली. "तुह्या पिकल्या केसाईले भेटला वो पास."

मी आता पाणी पिते. पण तिनं मला आजारी म्हणून नेलं, की माझे पिकले केस पाहून साहेब ऐकतील म्हणून, हे विचारायची अजून हिंमत झाली नाही.