कागदाचं कोहळं

माझ्या मोठ्या नणंदेइतकी अडेल बाई अख्ख्या सौंसर तहसिलीत दुसरी नाही. रामाकोना गावाकडे वगैरे एखादी असलीच, तर तीही यांच्याच हाताखाली शिकून गेलेली असणार. आमच्याकडे मोठ्या नणंदेला ‘बाई’ म्हणतात, म्हणून मीही बाई म्हणते. मनातल्या मनात काय काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. लग्न होऊन मी पांढुर्ण्याला या घरात आले, त्या दिवशी बाईंनी माझ्या माहेरी छापलेली लग्नपत्रिका दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली आणि भरल्या पाहुण्यांत विचारलं, “हा कागद हाय का पापड?” माझे वडील शेजारीच उभे होते. तो राग मी तेव्हापासून मुरंब्यासारखा बरणीत घालून ठेवला आहे आणि तो अजून बिघडलेला नाही.

बाईंचं सौंसरला लग्नपत्रिकांचं दुकान. बाईंचे यजमान, आमचे भाऊजी, होते तोवर दोघं मिळून चालवत, ते गेल्यावर बाई एकट्या चालवतात. छपाई हल्ली नागपूरहून होऊन येते, पण पत्रिकेचे आकार कापायचं काम त्या दुसऱ्या कोणाला देत नाहीत. दुकानामागच्या खोलीत एक लोखंडी पंचिंग मशीन आहे, हाताने दांडा ओढायचं. लाकडाच्या पाटीत पोलादी पाती हव्या त्या आकारात वळवून बसवलेली असते, तिला डाय म्हणतात. खाली जाड कागद, वर डाय, दांडा ओढला की कचकन आकार सुटून हातात येतो. मोर, कलश, आंब्याचं पान, पालखी अशा डायांनी त्या खोलीची भिंत भरली आहे. सौंसर असो, मोहगाव असो, ज्याचं लग्न झालं त्याचा कलश बाईंच्या मशिनीतून निघालेला. आणि या मशिनीला हात लावायचा हक्क जगात तिघांनाच: भाऊजी, बाई आणि बाईंचा एकुलता एक मुलगा. एकदा मी भोळेपणाने तिच्यावरची धूळ पदराने पुसायला गेले, तर बाई कडाडल्या, “हात नको लावू वं, मास्तरीण! तिले आपले माणसं समजतात.” या घरात माझे केस पांढरे झाले, आणि एका लोखंडाच्या ठोकळ्याला मी परकी! मी त्या दिवशी जेवले नाही. बाईंनी ते बघितलं आणि माझ्या वाटणीची पुरणपोळी झाकून ठेवली, एवढंच.

दुसरा छळ कोहळ्याचा. लाल भोपळ्याला आम्ही कोहळं म्हणतो. कोहळं म्हणजे घरचा मोठा लेक, त्याला बाईमाणसाने पहिली सुरी लावायची नाही. पुरुषाने एक चीर दिली की मग खुशाल फोडी कराव्यात. हे मीही पाळते. आमच्याकडे आमचे हे पेपरवरून नजर न काढता चीर देतात आणि विषय संपतो. बाई एकट्या, तेव्हा त्यांनी एखाद्या वेळी दोडक्याची भाजी करावी की नाही? पण नाही. त्यांना कोहळंच खायचं असतं, आणि तेही दर आठवड्याला, ठरल्या वारी. मग हातात सुरी घेऊन त्या दारात उभ्या राहतात आणि रस्त्याने जाणाऱ्या पुरुषांना हाका मारतात. नवखा माणूस सुरी बघून पळून जातो, ओळखीचा निमूट आत येतो. विजेचं मीटर वाचायला आलेल्या एका माणसाला त्यांनी उंबऱ्यातच अडवलं. “आधी कोहळं, मंग मीटर.” तो बिचारा मांडी घालून बसला, चीर दिली आणि भाजी खाऊन गेला. एकदा तर पत्रिकांचे नमुने बघायला आलेल्या एका वरबापाला, फेट्यासकट, यांनी विळीवर बसवलं. तो माणूस पुढे आयुष्यभर पत्रिकेसाठी दुसऱ्या कोणाकडे गेला नाही, हे मात्र खरं आहे.

आता अशा बाईच्या पोटी मुलगा जन्मला, त्याने काय करावं? पुण्याला संगणकाच्या नोकरीत लागला, तिथलीच एक चांगली मुलगी बघितली, आणि लग्नाचं निमंत्रण सगळ्यांना मोबाईलवर पाठवून दिलं. पालखी आपोआप हलते आहे, सनई वाजते आहे, वरून फुलं पडत आहेत. कागद नाही. अर्ध्या जिल्ह्याच्या पत्रिका कापणाऱ्या बाईच्या मुलाच्या लग्नाला चिटोराभर कागद नाही! “आई, झाडं तुटतात कागदापायी,” असं त्याने आईलाच समजावलं म्हणे. त्याच्यावर मी तेव्हाही चिडले होते, आताही चिडते. बाई लग्नाला गेल्या, फोटोत हसल्या, सुनेची ओटी भरली, आणि घरी आल्यावर मुलाशी बोलणं बंद केलं. विचारलं की एकच उत्तर. “मले आवतन भेटलं काय? नाही नं? मंग माहा त्याचा काय संबंध?” मुलगाही शेवटी त्यांचाच. तो दिवाळीला पांढुर्ण्याला आमच्याकडे येतो, चिवडा खातो, आणि सौंसरच्या बसकडे न बघता परत जातो. तिकडून बाई विचारणार, “वाळला काय वं पोट्टा?” इकडून हा विचारणार, “मामी, आईचं गुडघ्याचं कसं हाय?” दोन वर्षं मी या मायलेकांचं पोस्ट वाहते आहे, आणि कोणी मला चहासुद्धा विचारत नाही.

अशात आमच्या शाळेत हॅलोविन नावाचा विलायती भुतांचा सण आला. मी एका खाजगी इंग्रजी शाळेत शिकवते. आमच्या मोठ्या मॅडमनी फोनवर कुठेतरी बघितलं आणि ठरवलं की दारात हॅलोविनचा मोठा देखावा पाहिजे: भुताचा वाडा, वटवाघळं, जळमटं, भोपळे, सगळं कागद कापून, रंगवून, कापड चिकटवून. दिवाळी तोंडावर, घरोघरी बायका काठीला झाडू बांधून जळमटं काढताहेत, आणि आम्ही शाळेत नवीन जळमटं लावायची! हे काम माझ्यावर आलं, कारण बैठकीत मी जांभई दिली होती. मला तर साधा आंबा काढता येत नाही. शेवटी दात ओठ खात मी मॅडमनी दिलेलं चित्र घेऊन सौंसर गाठलं.

बाईंनी चष्मा लावून चित्र बघितलं. “हे भूत हाय का गादीची खोळ?”

“बाई, तिकडचे भूतं असेच असतात.”

“करते काय ते?”

“काही नाही. लटकून असते.”

“घ्या! आपल्या भुताइले काम तरी असते. चकवा वाट भुलवते, मुंजा पिपराखाली अडवते. हे नुसतं वाळत घातल्यावानी लटकून राहिलं. अन् भेववता कोणाले? पांढुर्ण्याच्या पोट्ट्याइले? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत एकमेकाइचे गोटे खाणारे लोकं तुमी!”

एवढं बोलून झाल्यावर त्यांनी पदर खोचला. संत्र्याच्या पेट्यांचा पुठ्ठा जोडून फळा केला आणि त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, “बाई, भुताले कुंकू?” तर म्हणे, “भुताले नाही, कामाले लावलं.” मग चुना आणि गोंद कालवून पोपडे सुटलेली भिंत उभी केली, वाळक्या घोसाळ्याच्या जाळीने वर काळा नि जांभळा रंग टिपला. आंब्याची दोन पानं कापून काळी केली, मध्ये सुपारीएवढं डोकं चिकटवलं, झालं वटवाघूळ. कलश उलटा धरून त्याखाली जखमेच्या पट्टीचं कापड गोंदात भिजवून लोंबवलं, झालं भूत. सरकी काढलेला कापूस बोटांनी विरळ करत जळमटं ओढली. हात असा चालत होता की बघत राहावं, आणि मला त्याचाही राग येत होता, कारण सगळ्या डाया लग्नाच्या! वटवाघळं तोरणासारखी शोभत होती आणि भुतं अशी प्रसन्न दिसत होती, जणू वरमाईच्या मागे उभी आहेत. वाड्याच्या दारासाठी बाईंनी पेटीच्या तळातून कापडात गुंडाळलेली एक डाय काढली. मी ती कधी बघितली नव्हती. उघडी दोन कवाडं, दोन्ही बाजूंना राघू, वरून वेल, आणि कवाडांवर काही बारीक नक्षी. काळ्या कागदातून ते दार कापून त्यांनी फळ्यावर लावलं आणि कवाडांवर भसाभसा कापूस चिकटवला. नक्षी पार झाकून गेली.

“इतकी सुंदर डाय! कोणाच्या पत्रिकेची वो बाई?”

“पडून होती. भुताच्या तरी कामी आली.”

मला घाई होती, मी पुढे विचारलं नाही. राहिले होते भोपळे. बाईंनी पात्याची पट्टी पकडीने वळवून भोपळ्याची नवीन डाय केली, देठासकट. नारिंगी कागद मशिनीत ठेवला, वर डाय ठेवली, दांड्याला हात घातला आणि थांबल्या.

“काय झालं?”

“कोहळ्याले मी पयली चीर देत नाही.”

मी आधी हसले. मग लक्षात आलं की या खऱ्याच बोलताहेत. “बाई, कागदाचं हाय ते!”

“आकार तं कोहळ्याचा हाय नं?”

“मंग टमाटे समजा!”

“टमाट्याले असा देठ असते काय? शाळेत काय शिकवून राहिली तू?”

मी म्हटलं, रस्त्यावरचा कोणी पुरुष बोलावते, मीटरवाला नाही का आला होता? त्यावर मशिनीला परका हात लावू देणार नाही म्हणाल्या. मी म्हटलं, मग मी ओढते दांडा. तर मी बाईमाणूस, शिवाय मशिनीला परकी, दुप्पट नापास! कोहळ्याला पुरुष पाहिजे आणि मशिनीला घरचा पाहिजे. मी इतकी संतापले की म्हटलं, तुमच्या असल्या हट्टापायीच घर रिकामं पडलंय. बोलले आणि जीभ चावली. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. दांड्यावरचा हात तसाच ठेवून हळू म्हणाल्या, “मोठा लेक असते वं ते. कागदाचं असलं तरी.”

मी अंगणात गेले. भाचा आदल्याच दिवशी पुण्याहून बायकोला घेऊन दिवाळीसाठी आमच्या घरी उतरला होता. त्याला फोन लावला आणि मायलेकांवरचा सगळा राग त्याच्या एकट्याच्या कानात ओतला. “तुही माय कागदाचं कोहळं घेऊन बसून राहिली हाय, अन् तिकडे माही नोकरी जाते! येतं का नाही तू?”

तो म्हणाला, “कागदाचं?”

“हो. कागदाचं.”

तो हसला. हसता हसताच त्याने फोन ठेवून दिला.

चहाच्या वेळेला मामाची मोटरसायकल दारात थांबली. भाचा उंबऱ्याबाहेर उभा राहिला, मागे त्याची बायको. बाईंनी मान वर केली नाही. “चप्पल भायेर काढ. अन् दांडा हळू ओढजो, धसमुसळेपणा नको करू.” दोन वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. त्याने दांडा ओढला, कचकन आवाज झाला आणि नारिंगी भोपळा खाली पडला. बाईंनी तो उचलून दोन्ही बाजूंनी बघितला. “बरा कापला,” म्हणाल्या.

तो मात्र फळ्याकडे बघत होता. त्या काळ्या दाराकडे. लहानपणापासून ती भिंत पाठ असलेला पोरगा तो, नवीन डाय त्याला दिसणारच. जवळ जाऊन त्याने कवाडांवरचा कापूस बोटाने बाजूला केला. खाली नक्षी नव्हतीच. नावांची दोन आद्याक्षरं कापलेली होती, एका कवाडावर त्याचं, दुसऱ्यावर त्याच्या बायकोचं. मोबाईलचं निमंत्रण यायच्या आधीच आईने त्याच्या पत्रिकेची डाय करून ठेवली होती.

“आई,” तो म्हणाला. त्याच्या बायकोने रॅकवरून लाल जाड कागद काढला आणि सासूपुढे धरला.

“आता कोणाचं लगन हाय?” बाई म्हणाल्या. आवाज रागीट होता, पण नाक पदराने पुसत होत्या.

“माहंच,” तो म्हणाला. “तू आवतन देल्लं नाही कोणाले.”

“मी नाही देल्लं? मी?” बाई उसळल्या आणि मग त्या दोघांचं जे भांडण झालं, ते ऐकून मला फार बरं वाटलं. भांडता भांडता तो दांडा ओढत होता आणि त्या कागद सरकवत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई मुलाला आणि सुनेला घेऊन, तबकात कुंकू-अक्षता घालून, आळीत घरोघर पत्रिका देऊन आल्या. होऊन गेलेल्या लग्नाच्या! आत बाईंनी स्वतःच्या अक्षरात मजकूर लिहिला होता, तारीखही तीच, जुनी. मला वाटलं, लोक हसतील. पण कोणी हसलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने चष्मा लावून पत्रिका सबंध वाचली आणि म्हणाला, “येतो, येतो. लेकीबाळीइले घेऊन येतो.”

शाळेत माझी फजिती व्हायची ती झालीच. मोठ्या मॅडम म्हणाल्या, “व्हेरी फेस्टिव्ह, बट नॉट स्केअरी.” एका पालकाने लग्न कोणाचं आहे म्हणून विचारलं. केजीतल्या एका पोरीने तर उलट्या कलशाच्या भुताला वाकून नमस्कार केला.

आणि मला पत्रिका? जिने हे सगळं जुळवलं तिला पत्रिका नाही! साऱ्या सौंसरला वाटून झाल्या, मोहगावला गेल्या, माझा पत्ता नाही. लक्ष्मीपूजन होऊन गेल्यावर एका दुपारी बाई पांढुर्ण्याला आल्या. मी चहा ठेवला नाही, पाट दिला नाही, सरळ विचारलं, “सगळ्याइले देल्ली, मले काहून नाही?”

“घरच्याइले शेवटी देतात वं,” बाई म्हणाल्या आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

मी पत्रिका हातात घेतली. दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या. गुडघा दुखत होता म्हणून त्यांनी दाराची चौकट धरली होती. ‘पापड’ म्हणायची संधी अशी पुन्हा येणार नव्हती. कागद चांगला जाड होता, कवाडांच्या अक्षरांतून ऊन येत होतं.

“येतो बाई आमी,” मी म्हटलं. “सगळे येतो.”