गोणपाटाखालची चिवचिव

शहागंजात भुट्टेवाल्याच्या शेगडीतल्या निखाऱ्यांचा वास आला, की मला करमाडचं आमचं पत्र्याचं घर आठवतं. कोंबडीला मुंगसानं नेलं होतं आणि नुकतीच अंड्यातून निघालेली तिची पिल्लं मागं राहिली होती. दोघांना उभं राहता येत नव्हतं, एकाची मान सारखी वाकडी पडायची. माय कापसाच्या बोळ्यानं त्यांना हळदीचं पाणी पाजायची, बल्बखाली ऊब द्यायची. त्या संध्याकाळी थंडी लई वाढली आणि लाईट गेली. पिल्लं कळवळून ओरडायला लागली. मायनं घमेल्यात चुलीतले निखारे घेतले, शेजारी पिल्लं ठेवली, वर कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं पालथं घातलं आणि गोणपाटानं सगळं गच्च झाकलं. “वारं नको लागाया लेकरायला,” ती म्हणाली. हळूहळू चिवचिव कमी झाली, मग थांबली. “बघ, ऊब लागली. निजली सगळी,” म्हणत ती भाकरी थापायला बसली. मी गोणपाटाला हात लावला, तर म्हणाली, “उघडू नको, उठतील.” आम्ही निवांत जेवलो. लाईट आल्यावर मायनं गोणपाट काढलं, डालं उचललं. आत कोंडलेला निखाऱ्यांचा वास अंगावर आला; एकही पिल्लू हललं नाही. माय गोणपाट हातात धरून तशीच बसून राहिली. आता माझं बाळ झोपलं, की घरात सगळे हळू बोलतात. मी मात्र त्याच्या नाकाशी बोट धरून बसते.