जुनी झील

"कोट काढ."

रावसाहेबांनी हे आपल्या बंगल्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर सांगितलं. मला वाटलं, उकाडा आहे म्हणून म्हणतायत.

"झीलकरी कुठं कोट घालतात का? साहेबांना अस्सल माल दाखवायचाय. बापाचं घोंगडं घे खांद्यावर."

खुर्च्यांवरचे वकील हसले. गोऱ्या कलेक्टर साहेबाला कळलं नाही, पण तोही हसला. मी कोट काढला. बी.ए.चा निकाल लागल्यावर आईनं शिवून घेतलेला. पायरीखाली आबा डफ तापवत बसले होते. त्यांनी घोंगडं काढून दिलं. माझ्याकडं बघितलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. गाव सांगोल्याकडचं, सोलापुरात गिरणी कामगार आणि शाहीर. शहरात लष्करी कायदा लागला, गोळीबार झाला, आणि आबांनी त्यावर पोवाडा केला. त्याची झील, म्हणजे मागच्या साथीदारांनी उचलून धरायचं पालुपद, शहरभर झाली:

"इचारा गिरणीच्या भोंग्याला,
कामावर गडी का न्हाई आला."

तुरुंग झाला. तिथं कागद मिळत नव्हता, डफ तर नाहीच. आबा थाळीवर ठेका धरून पोवाड्याचे नवे चौक, कडव्यांमागून कडवी, रचायचे आणि बराकीतल्या लोकांकडून पाठ करून घ्यायचे. सुटले तर दारातच तडीपारीचा हुकूम. सोलापुरात पाय ठेवायचा नाही. मग दुधनीला, शेजारच्या संस्थानच्या हद्दीत जाऊन राहिले. बाजारात हमाली करायची आणि संध्याकाळी गायचं. समोर कानडी लोक, म्हणून पोवाड्यात कानडी शब्द घातले. इकडं आई चाळीत एकटी वाळत चालली.

रावसाहेबांच्या बोर्डिंगात राहून मी शिकलो. ते उपकार मी आजही नाकारत नाही. त्यांनीच तडीपारीचा हुकूम मागं घेण्याची गोष्ट काढली होती. अट एकच. आबांनी साहेबापुढं तोच पोवाडा गायचा, पण झील बदलून. नवी झील एका वकिलानं करून दिली:

"धन्य म्हणा त्या सायबाला,
शांती घेऊन जो आला."

आबांनी ऐकली. मग म्हणाले, "तुजी आई लई थकलीय. म्हणू की. त्यात काय."

त्या दिवशी एका दिवसाच्या परवान्यावर पोलीस आबांना गाडीनं सोलापुरात घेऊन आले होते. आबांच्या मागं आम्ही दोघं झीलकरी. मी, आणि हातमागावर काम करणारे इमामचाचा, हातात तुणतुणं. आबांनी नवी झील म्हटली. शब्द त्यांच्या तोंडातून उलटीसारखे आले. आता झीलकऱ्यांनी ती उचलायची. चाचांनी कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं खणखणीत उचलली ती जुनीच. "इचारा गिरणीच्या भोंग्याला..."

खुर्च्या सरकल्या. चाचांनी डोळे उघडले. "या अल्ला," ते पुटपुटले. "जबान पे वहीच बैठ्या है, क्या करूं?"

साहेबानं मला इंग्रजीत विचारलं, "हा काय म्हणाला?"

रावसाहेब दातांआडून म्हणाले, "सांग, म्हातारा दारू प्यालाय. कान धरून माफी मागायला लाव त्याला. आटप."

चाचांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. पाच वेळचे नमाजी. आणि कान मी धरायला लावायचे?

डफ थांबला नव्हता. शाहीर झील दिल्यावर थांबून राहतो. झीलकरी ती पुरी करून परत देत नाहीत तोवर तो पुढचा चौक घेत नाही. आबा तसेच वाजवत उभे होते. रावसाहेबांकडं नाही, माझ्याकडं बघत. मला ठाऊक होतं, आता जुनी उचलली तर आबा घरी येणार नाहीत. आई मला विचारील. तिला काय सांगू?

मी घोंगडं खाली ठेवलं. कानावर हात ठेवला. जुनी झील पुरी म्हटली. दोनदा. मग साहेबाला तिचा अर्थ इंग्रजीत सांगितला. शब्दाला शब्द.

आबांनी पुढचा चौक घेतला. दोन ओळींत शिपायानं डफ हिसकावला.

"आम्ही तुला माणसात आणलं," रावसाहेब ओरडले.

"तुम्ही मला शाळेत घातलंत," मी म्हणालो. "माणूस मी आधीपासून होतो."

आबांना त्याच गाडीनं दुधनीला परत नेलं. रावसाहेबांनी लावून दिलेली माझी कचेरीतली नोकरी गेली. आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. एकदा भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "आलं असतं की रं घरी."

आता मी दुधनीला जातो. परतताना स्टेशनवर पोलीस अंगझडती घेतात. खिसे रिकामेच असतात. आबा चौक तोंडी सांगतात, मी ते तोंडात घेऊन येतो. गेल्या वेळी आबा म्हणाले, "तुला बी काढतील सोलापुरातनं."

काढतील. फौजदारानं काल बोलावून बजावलं, गाणं आधी पोलीस कचेरीत दाखवायचं, मंजुरीचा शिक्का घ्यायचा, मगच म्हणायचं. मी ऐकून घेतलं आणि बाहेर आलो.

उद्या गिरणी सुटताना मी दरवाज्यासमोर उभा राहणार आहे. आबांचा नवा चौक म्हणणार आहे. शिक्का घेतलेला नाही. घेणार नाही.