लोरेन हुडाक आणि काढून टाकलेला खांब

लोरेन हुडाकला एक घर तपासायला अडीच तास लागतात. घर घेणारीचा बाप सोबत असला, तर चार.

त्या मंगळवारी सकाळी साडेनऊला चेस्टनट रस्त्यावरच्या विटांच्या घरासमोर तिने गाडी लावली, तेव्हा बाप आधीच येऊन उभा होता. नुन्झिओ फाल्कोने, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त गवंडी, हाताची घडी घातलेला. शेजारी त्याची मुलगी कार्ला. सहावा महिना चालू, हातात वही, वहीत आधीच दोन पानं प्रश्न.

नुन्झिओ लोरेनच्या गाडीत डोकावला. "तपासणारे कुठे आहेत?"

"मीच."

"तुम्ही? मला वाटलं दलालबाई."

"दलालबाईंच्या गुडघ्यांना हे नसतं," लोरेन गुडघ्यांवर रबरी पट्टे बांधत म्हणाली.

"चाळीस वर्षं या गावात घरं बांधली मी. हे घर तर मला पाठ आहे. मला विचारलं असतं, तर पाच मिनिटांत सांगितलं असतं. तेही फुकट."

"पापा," कार्ला म्हणाली, "गप्प राहायचं कबूल केलंय तुम्ही."

"गप्पच आहे की."

लोरेनने मनातल्या मनात चार तास धरले आणि शिडी काढली.

ती त्रेपन्न वर्षांची होती. एकोणीस वर्षं खिडक्यांच्या कारखान्यात तयार माल तपासायला होती. चौकट इंचाच्या सोळाव्या भागाने जरी वाकडी असली तरी बाजूला काढायची आणि मुकादमाच्या शिव्या खायच्या, हे तिचं काम. कारखाना बंद पडला, तेव्हा तिने घर तपासणीचा अभ्यासक्रम केला, परीक्षा दिली, आणि आता नऊ वर्षांत दोन हजारांवर घरं बघून झाली होती. शिव्या आता मुकादमाऐवजी दलाल देत. त्यांच्यात तिचं नाव 'सौदामोडी' पडलं होतं, आणि ते तिला कळावं अशा बेताने घेतलं जाई. स्वतःचं घर मात्र तिने घेतलं नव्हतं. अकरा घरं स्वतःसाठी तपासली, अकराही नापास केली, आणि अजून धोब्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होती. बहीण म्हणायची, "तुला घर नकोच आहे. तुला फक्त चुका हव्या आहेत."

कार्ला आणि तिचा नवरा डेरेक यांनी या घरावर बोली लावली होती आणि ती मान्य झाली होती. तपासणीला दहा दिवस मिळतात. त्यात काही निघालं तर दुरुस्ती मागता येते, किंमत कमी करून मागता येते, किंवा सरळ माघार घेता येते. दहा दिवस उलटले की घर आहे तसं तुमचं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला ते दहा दिवस संपत होते. डेरेक बस आगारात पाळीवर होता. आणि या घराच्या मागच्या खिडकीतून नुन्झिओच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती, ही गोष्ट नुन्झिओने पहिल्या अर्ध्या तासात तीनदा सांगितली.

लोरेन छपरावर चढली. धुराड्याच्या माथ्यावरचा सिमेंटचा थर फुटला होता. तिने फोटो घेतला.

"पाव तासाचं काम," खालून नुन्झिओ ओरडला.

पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायाशीच पडत होतं. फोटो.

"पाणी पडणारच. छप्पर आहे ते!"

विजेच्या पेटीत एका बटणाखाली दोन तारा कोंबल्या होत्या. फोटो.

"चाळीस वर्षं चाललंय. एकदा तरी जळलं का?"

चाळीस वर्षं. लोरेन हे वाक्य रोज ऐकत होती. घर वाकतं, कुजतं, तडकतं, आणि हे सगळं चाळीस वर्षं करतं. तोवर सगळे म्हणतात, उभं आहे. तिला कितीदा तरी म्हणावंसं वाटे की, अहो, पडेपर्यंत प्रत्येक घर उभंच असतं. पण भांडायचे पैसे तिला मिळत नव्हते. ती लिहून घेई.

वरच्या मजल्यावर मधल्या खोलीच्या दारापाशी ती थांबली. ही खोली बाळासाठी, असं कार्लाने सांगितलं होतं. भिंतीवर रंगाच्या दोन पट्ट्या चिकटवूनही झाल्या होत्या. लोरेनने दार लावलं. छान लागलं. अगदीच छान. सत्तर वर्षांच्या घरात दार इतकं छान लागत नाही. तिने शिडीची एक पायरी चढून दाराची वरची कड हाताने चाचपली, मग टेप लावला. बिजागरीच्या बाजूला दार पूर्ण उंचीचं, कुलपाच्या बाजूला पाऊण इंच कमी. कोणीतरी रंधा मारून तिरकं केलेलं होतं. एकदा नव्हे. रंगाचे थर वेगवेगळ्या वेळचे होते.

शेजारचं दारही तसंच. न्हाणीघराचंही.

"दारं कोणी घासली?" तिने विचारलं.

"लाकूड फुगतं," नुन्झिओ म्हणाला. "तळघरात बघण्यासारखं काही नाही हं. कोरडं आहे. ते मी सांगतो."

लोरेन सरळ तळघराकडे निघाली.

तळघरात दिवा चालू होता आणि कॉफीचा वास येत होता. खाली दुसरं स्वयंपाकघर होतं. या भागातल्या इटालियन घरांत ते असतंच. वरचं पाहुण्यांना दाखवायला, खालचं रांधायला. एका लांबलचक टेबलाच्या टोकाशी घरमालकीण, फाल्कोने कुटुंबाची जुनी शेजारीण, बसली होती. कॉन्चेत्ता पास्क्वारेली, वय एक्याऐंशी. बडीशेपेच्या पातळ बिस्किटांची चळत पुढ्यात होती.

"तुम्ही पुतण्याकडे जाणार होतात ना?" लोरेन म्हणाली. विकणाऱ्याने तपासणीच्या वेळी घरात थांबू नये, हे दलालाने कॉन्चेत्ताला दोनदा बजावलं होतं. मालक शेजारी असला की घेणाऱ्याला तोंड उघडून विचारता येत नाही, आणि मालकाला प्रत्येक फोटो जिव्हारी लागतो.

"पुतण्याची कॉफी पिण्यालायक नसते," कॉन्चेत्ता म्हणाली. "बघा तुम्ही, बघा. मी काही बोलणार नाही. नुन्झिओ, बस. कार्ला, तू तर खायलाच हवंस. दोन जिवांची आहेस."

"मावशी, आम्ही काम करतोय," कार्ला बिस्किट उचलत म्हणाली.

लोरेनने छताकडे पाहिलं. घराच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मुख्य तुळई जात होती. तीन जाड फळ्या एकत्र ठोकून केलेली. तिच्यावर मधली भिंत, भिंतीवर वरचा मजला, त्यावर छपराचा अर्धा भार. तुळईखाली लोखंडी खांब होते. पहिला खांब आठ फुटांवर. दुसरा अजून आठ फुटांवर. तिसरा... तिने टेप ओढला. सोळा फूट.

त्या सोळा फुटांत टेबल होतं.

ती टेबलाखाली रांगत गेली. फरशीत एक चौकोनी ठिगळ होतं, हातभर लांबरुंद, सिमेंट वेगळ्या रंगाचं. त्याच्या बरोबर वर, तुळईच्या पोटाला, गंजाचा गोल ठसा. मग तिने तुळईच्या एका टोकाला खिळा ठोकून दोरी बांधली आणि दुसऱ्या टोकापर्यंत ताणली. दोरी सरळ राहिली. तुळई राहिली नाही. मधोमध ती दोरीच्या दीड इंच खाली आली होती, आणि तिथे मधल्या फळीला बोटभर रुंद चीर होती. चिरेच्या आतलं लाकूड पिवळंधमक. म्हणजे चीर जुनी नव्हती.

"इथे खांब होता," लोरेन म्हणाली.

"नव्हता," नुन्झिओ म्हणाला.

"अरे, होता की!" कॉन्चेत्ता कप ठेवत म्हणाली. "तूच काढलास नाही का? नाताळच्या आदल्या संध्याकाळी चोवीस माणसं एका टेबलाला बसवायची होती, आणि खांब मधेच. माझ्या नवऱ्याची, साल्वातोरेची, खुर्ची नेहमी खांबामागे. मासे वाढले की त्याला माशाचं डोकं दिसायचं नाही आणि आम्हाला त्याचं. नुन्झिओ म्हणाला, हा खांब नुसता शोभेला आहे. दुपारी आला, करवतीने कापला, बिअरची दोन खोकी प्यायला आणि गेला."

"एक," नुन्झिओ म्हणाला.

"दोन. आणि किती चांगला माणूस! दर दोन-तीन वर्षांनी वरची दारं अडकतात, मी हाक मारते, हा रंधा घेऊन येतो. कधी नाही म्हणाला नाही."

बिस्किट कार्लाच्या हातातच राहिलं.

लोरेनच्या डोक्यात सणक गेली. नऊ वर्षांत तिने अडाणीपणा पुष्कळ पाहिला होता, लबाडीही. पण हा माणूस गवंडी होता. खाली तुळई खचली की वर दारं अडकतात, हे त्याला तिच्याआधी कळायला हवं होतं. आणि याच घरात, याच तुळईवर तो स्वतःच्या नातवंडाचा पाळणा ठेवायला निघाला होता. सकाळपासून तो छपरावरून, पन्हळीवरून, तारांवरून का भांडत होता, तेही तिला आता कळलं. त्याला तिला तळघरात पोचूच द्यायचं नव्हतं.

"मिस्टर फाल्कोने," ती म्हणाली, "आवाज चढवायची मला परवानगी नाही. म्हणून हळू विचारते. शोभेला?"

"पस्तीस वर्षं उभं आहे ना?"

"चीर नवी आहे."

"लाकडाला चिरा पडतात! शनिवारी येतो, जॅक लावतो, नवा खांब बसवतो. संपलं. ते कागदावर कशाला? तुम्ही लिहिलंत की बँक अडवणार, विमावाला अडवणार. पोरीच्या हातचं घर जाणार. एका खांबासाठी?"

"मी लिहिणार."

"तुमच्यासारख्यांमुळेच—"

"पापा." कार्लाने बिस्किट ताटलीत ठेवलं. "तुम्हाला माहीत होतं?"

वरती कुठेतरी नळ ठिबकत होता. लोरेनने तो आधीच लिहून घेतला होता.

"दारं अडकत होती," नुन्झिओ म्हणाला. "एवढं माहीत होतं."

"आणि का अडकत होती?"

नुन्झिओ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

कार्ला लोरेनकडे वळली. "तुम्ही सांगा. तुम्ही हे घर घेतलं असतंत?"

या प्रश्नाचा लोरेनला सगळ्यात जास्त वैताग येई. घ्या किंवा घेऊ नका, हे तपासणाऱ्याने सांगायचं नसतं. काय आहे तेवढं सांगायचं. लोक अडीच तास मागे फिरतात, शंभर फोटो बघतात, आणि शेवटी विचारतात तेच, जे तिला बोलता येत नाही. आणि मग पुढे काय झालं, ते कोणी फोन करून कळवत नाही.

"माझं विचारू नका. मी तर अजून भाड्याने राहते," ती म्हणाली. "एवढं सांगते. इमारतीचा इंजिनिअर बोलवा. तो हिशेब करून देईल की तुळई बदलायची की नुसता आधार पुरेल, आणि खाली पाया किती खोल हवा. या फरशीवर खांब उभा केला तर तो फरशीतून खाली जाईल. शुक्रवारच्या आत त्याचं पत्र आलं नाही, तर मुदत वाढवून मागा. आणि तोवर त्या खोलीत जड काही नको. या टेबलाशीही कोणी बसायला नको."

"मग मी कुठे बसू?" कॉन्चेत्ताने विचारलं.

"वर, आजी. वरही स्वयंपाकघर आहे."

"ते दाखवायचं आहे!"

कार्लाने वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. "घर मला हवंय," ती म्हणाली. "मावशीचं आहे, ओळखीचं आहे. पण इंजिनिअरचं पत्र आल्याशिवाय सही करणार नाही. मुदत नाही वाढली तर सोडून देऊ. आणि काम तो सांगेल तो माणूस करेल. तुम्ही नाही, पापा."

"मी गवंडी आहे," नुन्झिओ म्हणाला.

"मला माहितेय."

तो जिना चढून निघून गेला. गेला एकदाचा, असं लोरेनला वाटलं. तिने फोन काढून कार्लाच्या दलालबाईला खबर दिली. पलीकडून आधी मोठा उसासा आला, मग, "लोरेन, एकदा तरी, एकच घर तू नीट होऊ देशील का गं?" लोरेन म्हणाली, "एकदा तरी नीट घर दाखव." आणि फोन ठेवला. या महिन्यातलं दलालबाईकडचं हे शेवटचं काम, हेही तिला कळून चुकलं.

ती दोरी गुंडाळत होती, तेवढ्यात जिन्यावर लोखंड आपटत आल्याचा आवाज झाला. नुन्झिओ परत आला होता. खांद्यावर स्क्रूने उंची वाढवता येणारा टेकू, काखेत जाड फळीचे दोन तुकडे. शेजारच्याच गल्लीतल्या स्वतःच्या गॅरेजमधून आणलेले. दम लागला होता.

"इंजिनिअर येईपर्यंत," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. "तात्पुरता. म्हातारी काही वर जाऊन बसणार नाही."

"नाहीच बसणार," कॉन्चेत्ता म्हणाली.

टेबल सरकवायला त्याने आणि कार्लाने हात लावला. कार्ला वाकायला लागली तेव्हा त्याने तिला हाताने मागे सारलं आणि एकट्याने ढकललं. लोरेनला दुरुस्तीला हात लावायची बंदी होती. तपासणाऱ्याने काम केलं की तो तपासणारा राहत नाही. तिने नुसता विजेरीचा झोत धरला.

त्याने भार पसरावा म्हणून फरशीवर एक फळी घातली, तिच्यावर टेकू उभा केला, वर दुसरी फळी धरली आणि स्क्रू फिरवला. फळी तुळईला टेकली तसा तो थांबला.

"फिरवत राहू नका," लोरेन म्हणाली. "उचलायचं नाही. नुसतं टेकवायचं."

तिला वाटलं, आता तो म्हणेल, चाळीस वर्षं. तो म्हणाला नाही.

"सरळ आहे का?" त्याने विचारलं.

लोरेनने टेकूला लेव्हल पट्टी लावली. "नाही."

त्याने हातोडीने खालून दोन ठोके मारले. "आता?"

"नाही."

त्याने कपाळावरचा घाम पुसला, गुडघ्यावर बसला आणि पुन्हा हातोडी उचलली.