शेळीचा वास न येणारं नाक

मुरुडहून हैदराबादच्या विमानतळाकडे न्यायला जीप दारात उभी होती आणि आमची चंद्री माझ्या नव्या बॅगेचं लेबल चघळत होती. उस्मानाबादी शेळी ती, काळीभोर, लांब कानांची. आबा तिच्यावर ओरडले, आई रडता रडता हसायला लागली. "माझी लेक शेळीच्या दुधावर वाढल्याली हाय, कुठंबी टिकंल," ती शेजारणींना सांगत होती. मी नांदेडला फूड टेक्नॉलॉजी शिकून हॉलंडला निघाले होते, शेळीच्या दुधापासून तान्ह्या बाळांसाठी पावडर करणाऱ्या कारखान्यात. शेळ्यांमागं हिंडू नये म्हणून पोरीला शिकवलं, आणि पोरगी विमानात बसून शेळ्यांकडंच निघाली, असं म्हणून अख्खी गल्ली हसली.

तिथं गेल्यावर रोजचं काम म्हणजे आईचं ते वाक्य खोडणं. शेळीचं नुसतं दूध तान्ह्या बाळाला देऊ नये. त्यात फोलेट हे जीवनसत्त्व फारच कमी, त्यानं बाळाचं रक्त कमी होतं. आणि प्रथिनं व क्षार इतके, की इवल्याशा मूत्रपिंडांना झेपत नाहीत. म्हणून आम्ही ते आईच्या दुधाच्या जवळ नेतो. प्रथिनं बेताची करायची, दुधातली साखर वाढवायची, तेलं, लोह, फोलेट घालायचं आणि गरम हवेत फवारून पावडर करायची. शेळीच्या दुधाचं पोटात मऊ दही जमतं, हे खरं. पण गाईच्या दुधाची ज्या बाळाला ॲलर्जी असते, त्याला बहुधा हेही सोसत नाही. हे सगळं फोनवर ऐकवून मी विचारलं, "मग मी कशी गं वाढले?"

"आगं, अंगावरचं पाजत व्हतेच की! शेळीचं नुसतं वरचं," आई म्हणाली. एवढी वर्षं सगळं श्रेय शेळीलाच देऊन बसली होती.

खरी पंचाईत केली ती माझ्या नाकानं. रोज सकाळी आम्ही काहीजण पावडर कोमट पाण्यात कालवून हुंगायचो. दूध धसमुसळेपणानं हाताळलं की त्यातली चरबी फुटते, तिच्यातून काही आम्लं सुटी होतात आणि तो उग्र वास येतो. त्या आम्लांना शास्त्रज्ञांनी नावंसुद्धा शेळीवरूनच दिलीत. वास आला, की माल थांबवायचा. एका कपावर सगळ्यांनी नाकं मुरडली. मी कागदावर लिहिलं, वास नाही. पुढच्या कपालाही तेच. आमची प्रमुख मारलेन गोड बाई, पण तिनं स्पष्टच सांगितलं, नाक सुधारलं नाही तर नोकरी कायम होणार नाही. मी घाबरून आबांना फोन लावला.

"आपल्या घराचा वास आपल्याला कधी येतोय व्हय?" आबा म्हणाले. "पाव्हण्याला येतोय."

मग मी नाकाला शाळेत घातलं. मारलेन एकेका आम्लाचा थेंब पाण्यात टाकून हुंगायला द्यायची, आधी दाट, मग पातळ, मग त्याहून पातळ. एके सकाळी सगळ्यांच्या आधी मीच नाक मुरडलं, आणि दूध ओढणाऱ्या पंपात खरंच बिघाड निघाला. नोकरी पक्की झाली. मी सायकलवरून घरी जाताना मोठमोठ्यानं गात गेले.

हे लिहितेय मुरुडच्या ओसरीत बसून. सुट्टीवर आले, आईनं दारातच मिठी मारली आणि तिच्या लुगड्यातून तो वास भसकन नाकात शिरला. कोणतं आम्ल, तेही मला सांगता आलं असतं. रडूच कोसळलं. माझ्याच घरी मी पाहुणी होऊन आले होते.

"वास येऊ लालाय व्हय?" आईनं ओळखलं. मी मान हलवली. तिला हसू आवरेना. "मग रडतीस काय? हे भांडं घे, धार काढ. जातोय तो."

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, तो खरंच गेला. आज सकाळी धार काढली, त्याच दुधाचा चहा आईबरोबर प्यायले आणि ध्यानात आलं, शेळीचा वास म्हणून येतच नाहीये. परत गेल्यावर पहिला आठवडाभर माझे सगळे कप चुकणार, मारलेन कपाळाला हात लावणार. चुकू देत. मला भलता आनंद झालाय.