कॅबिनमधले तीन देव

ती घटना आठवली की आजही मला स्वतःची लाज वाटते. दोषारोपपत्र टाइप होऊन टेबलावर आलं होतं, मी पेनाचं टोपण काढलं होतं. सही झाली असती तर एक निरपराध माणूस तुरुंगात गेला असता.

मी तेव्हा मार्केट यार्डाच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात तपास अधिकारी होतो. पुण्यात संगणकाच्या कंपन्या येत होत्या, माल वाढला होता आणि जो तो ट्रक घेऊन ट्रान्सपोर्टचा बोर्ड लावत होता. अशाच एका नव्या कंपनीच्या ट्रकने भर दुपारी एका शिक्षकांच्या स्कूटरला धडक दिली. शिक्षक जागीच गेले. ड्रायव्हर उडी मारून गर्दीत पसार झाला. चेहरा कोणी नीट पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मॅनेजर एका ड्रायव्हरचं मूळ लायसन्स घेऊन हजर झाला. "हाच गाडीवर होता साहेब," म्हणाला. तो ड्रायव्हर वाशीमकडचा. आम्ही त्याला खोलीवरून उचललं. त्याचं एकच पालुपद होतं, "म्या चार दिसाआधीच काम सोडलं साहेब. लायसन वापस देतच नव्हते." पळालेला प्रत्येक ड्रायव्हर असंच काहीतरी सांगतो. मी दुर्लक्ष केलं.

सहीच्या दिवशी सकाळी एक म्हातारा ड्रायव्हर ठाण्याच्या दारात येऊन उभा राहिला. हडपसरच्या पलीकडच्या गावचा. त्याने आवारात उभ्या असलेल्या जप्त ट्रककडे बोट केलं.

"साहेब, त्या कंपनीत मी बी नोकरीला गेलतो. हीच गाडी मला दावली व्हती. केबिन बघून माघारी फिरलो."

"कॅबिनमध्ये काय बघितलंत?"

"देव."

मी पेन बंद केलं. बसा म्हटलं, चहा सांगितला. म्हातारा खुलला. "मालकाशी बोलून काय कळतंय? त्यो ग्वाडच बोलणार. मी आधी पंक्चरवाल्यापाशी बसतो. टायर घासून गुळगुळीत झालं तरी गाडी पळवत्यात का, ते त्याला ठावं असतंय. मूळ लायसन ठिवून घेणाऱ्याकडं तर पाणी बी पीत न्हाई. आन् मग केबिनमध्ये चढतो. ड्रायव्हर नोकरी सोडताना आपला देव संगं नेतो, साहेब. देव मागं ऱ्हायला म्हंजी त्याला गाडीपाशी फिरकू दिलं न्हाई. तिथं तीन देव व्हते."

मी कपाटातून अपघाताच्याच दुपारी केलेला माझा पंचनामा काढला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'चालकासमोर देवादिकांच्या तीन तसबिरी, त्यावर सुकलेले हार.' मी ते वाचून दाखवलं.

"हार सुकल्यालं?" म्हाताऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. "मग त्या दिशी गाडीवर ड्रायव्हरच नव्हता. ताजा हार नसंल तर उदबत्ती लावतो, पर सुकल्याला हार देवावर ठिवून आम्ही चावी फिरवत न्हाई."

खरं सांगतो, चोवीस वर्षांच्या नोकरीत आरोपींचे खिसे मी शेकड्यांनी तपासले होते, पण त्यांच्या देवांकडे कधी बघितलं नव्हतं. आता मला स्वस्थ बसवेना. मी मॅनेजरला बोलावून घेतलं.

"ट्रकमधल्या तसबिरी कोणाच्या?"

"त्याच ड्रायव्हरच्या. फार देवभोळा माणूस."

मी वाशीमच्या ड्रायव्हरचं कोठडीबाहेर जमा केलेलं सामान मागवलं. पंच्यात गुंडाळलेली देवीची तसबीर निघाली. तो स्वतःचा देव घेऊनच गेला होता.

"असेल चौथी," मॅनेजर म्हणाला. "देव काय रेशनवर मिळतात का साहेब?"

मग मी जप्त केलेल्या तिन्ही तसबिरी त्याच्यासमोर उलट्या करून ठेवल्या. एकीच्या पाठीवर बॉलपेनने नाव आणि गाव लिहिलं होतं. हवालदार जाऊन त्या माणसाला घेऊन आला. त्याचंही मूळ लायसन्स कंपनीने अडकवलं होतं आणि त्याचंही नाव, तो घरी असताना झालेल्या एका अपघातात, दुसऱ्या जिल्ह्यात घातलं होतं. त्याला दारात बघितल्यावर मॅनेजरची रेशनची भाषा संपली. त्याच्या कपाटातून अकरा मूळ लायसन्स निघाली. शेवटी त्याने कबूल केलं: त्या दुपारी ट्रक चालवत होता मालकाचा भाचा. अवजड वाहनाचा परवाना त्याच्याकडे कधीच नव्हता.

वाशीमचा ड्रायव्हर सुटला. लायसन्स परत देताना मी वडीलकीच्या सुरात म्हणालो, "आता कंपनी नीट पारखून नोकरी धरा. कॅबिनमधले देव बघत जा."

त्याने लायसन्स खिशात घातलं. "पायले होते ना साहेब. तिन्ही देव पायले होते, मले समजलं बी होतं. पन सा महिने घरी बसेल मानूस देवाकडे नाई पायत, चाबीकडे पायते."

बाहेर तो म्हातारा थांबला होता. तो स्वतः काम करत होता त्या मालकाकडे वाशीमच्या ड्रायव्हरला घेऊन गेला.

पारख कशी करायची हे त्या म्हाताऱ्याने मला शिकवलं, आणि आजही कोणी विचारलं तर मी ते सांगतो. पण वाशीमच्या माणसाने जे शिकवलं ते सांगायला जड जातं. दिसूनही त्याने डोळेझाक केली, कारण त्याला दुसरा इलाज नव्हता. मी तर सुकलेले हार स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते, आणि माझ्यावर कोणाचीही सक्ती नव्हती.