बुजत गेलेली वाट

रहीमचाचांचं नाव आधी लिहितो. बऱ्हाणपुरात आमच्या भिंतीला लागून त्यांचा माग आहे. माझ्या दामूकाकांसाठी त्यांनी जे केलं ते घरच्या माणसानं करायचं असतं, आणि घरचा माणूस म्हणजे मी एकटाच. मी होतो करांचीला, गोदीच्या कामावर. काका गेल्याची तार तिथं आली तीही चाचांनीच पाठवलेली. शाळा माझी मराठी चौथीत सुटली, त्यामुळे ती इंग्रजी तार फाटकावरच्या कारकुनाकडून वाचून घेतली. त्यानं एकदा वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा हळू वाचू लागला... मी म्हटलं, पुरे.

आईबाप गेल्यावर मला काकांनीच वाढवलं. ते तारकशीचं काम करत. पोलादाच्या पट्टीत एकाहून एक बारीक भोकं असतात. मुलामा दिलेली चांदीची तार एकातून ओढायची, मग पुढच्यातून, ती केसासारखी होईपर्यंत. वापरून भोक सैल झालं की काका पट्टी ऐरणीवर ठेवून भोकाच्या भोवतीनं हलके घाव घालत. पोलाद आत सरकायचं, भोक बुजायचं, मग टोच्यानं ते पुन्हा मापात उघडायचे. "भोकाले हात नाही लावायचा बाबू, भोवतून ठोकायचं," हे त्यांचं नेहमीचं. तीच पट्टी पुढे दवाखान्यात त्यांच्या कामी येईल असं कुणाला वाटलं असतं?

गेल्या साली रजेवर आलो तर काका तार अर्धी सोडून उठायचे आणि मागच्या मोरीवर कितीतरी वेळ उभे राहायचे. गल्लीतले कारागीर चिडवत, "दामूनं मोरीले नवस बोलला वाटते!" काका आधी स्वतःच हसायचे. पण चैत्रात इच्छापूरच्या देवीला बैलगाडीनं जाण्याचा त्यांचा नेम त्या साली मोडला. वाटेत गाडी कितीदा थांबवायची, याची त्यांना लाज.

आमच्या गावाचं पाणी डोंगरातून जमिनीखालच्या नहरानं येतं आणि त्यात चुना फार. हंड्याच्या तळाशी पांढरी खपली धरते. भांड्यात धरते ती पोटात का धरणार नाही? त्यामुळे आमच्याकडे लघवी अडली की खडाच, दुसरं काही कुणाच्या मनातच येत नाही. काकांना कुळथाचं कढण सुरू झालं, वर तांब्यामागून तांबे पाणी. पाण्याच्या जोरानं खडा वाहून जाईल म्हणून सगळे प्रेमानं पाजत होते, मीही. पुढे लघवी आपोआप ठिपकू लागली, धोतर सदा ओलं राहू लागलं. गल्लीला आनंद झाला, "सुटला एकदाचा!" सुटलं काहीच नव्हतं. भरलेला हौद काठावरून सांडत होता. ओटीपोट दगडासारखं झालं, अन्न टिकेना, बोलता बोलता काकांची मान कलू लागली. तेव्हा चाचांनी टांगा आणला आणि काकांना अक्षरशः उचलून आत बसवलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि आधी रबरी नळी घातली. भांडं भरलं, दुसरं आणलं. काका डोळे मिटून रडत होते, दुखलं म्हणून की सुटलं म्हणून, सांगता येत नाही. काकांना दाखल करून घेतलं. दोन दिवसांनी ते सावरून बसले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दामोदरराव, खडाबिडा काही नाही. मूत्राशयाच्या तोंडाशी एक गाठ प्रत्येक पुरुषाला जन्मापासून असते, मोठेपणी सुपारीएवढी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. ती गाठ वाढली आहे."

"भोवतून ठोकली, भोक बुजलं," काका म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्टीची गोष्ट सांगितली. "अगदी तसंच," ते म्हणाले, "फक्त इथं घाव कुणी घालत नाही."

पुढचं मला समजलं तसं लिहितो. आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. जुन्या मरतात, नव्या येतात, मेळ राहतो. या गाठीत उतारवयात तो मेळ बिघडतो. नव्या येत राहतात आणि जुन्या वेळेवर जात नाहीत. गर्दी होते, ती नळीवर चेपते. ही गाठ पुरुषाच्या अंडातून रक्तात येणाऱ्या रसावर पोसते. लहानपणीच खच्ची झालेल्यांना हे दुखणं होत नाही. मग तो रस भरात असतो त्या तरुणपणी गाठ का वाढत नाही, हे आम्हालाही नीट ठाऊक नाही, असं डॉक्टर सरळ म्हणाले.

काका विचार करून म्हणाले, "म्हंजे बैलाले हे होत नाही? घ्या! जन्मभर बैलावानी राबलो अन् दुखणं आलं सांडाचं!" डॉक्टरसुद्धा हसले. काकांचा तो शेवटचा विनोद.

मी निघालो तेव्हा डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून दुसऱ्या कुणाच्या गाठीचा काप दाखवला. जांभळी कडी, कड्याला चिकटून कडं, मधे जागाच नाही. मी घाबरून विचारलं, हा कर्करोग का? "नाही. या पेशी तशा साध्याच आहेत, फक्त जास्त झाल्या." मग माझ्यातही आहेत? "आहेत. माझ्यातही आहेत." ... आणि दाराशी येऊन हळूच म्हणाले, "पाणी मागे तुंबून मूत्रपिंडं खराब झालीत. ती सुधारली तरच मुंबईला शस्त्रक्रिया." त्या 'तरच'वर मी त्या दिवसापासून जगत होतो.

काका नळीसकट घरी आले आणि माझी रजा संपली. काकी कधीच गेलेली. नळी बदलायची, उकळायची, भांडं उपसायचं, हे शेजाऱ्याच्या हातून करून घ्यायला काका तयार होईनात. चाचा दारात उभे राहून म्हणाले, "दामू, चाळीस साल तुझी जरीची तार माझ्या मागावर चढली. आता शरम कशाची करतोस? माझ्या घरात मुलगी द्यायची आहे का?" आणि मला म्हणाले, "तू जा बेटा. नोकरी नको घालवू. मी आहे ना."

ती नळी चाचांनी स्वतःच्या चुलीवर उकळली. काकांचं अंग धुतलं, धोतरं धुतली. मग थंडी वाजून ताप आला, उचकी लागली, ग्लानी चढली. डॉक्टर घरी येऊन गेले, पण मूत्रपिंडांनी साथ दिली नाही. शेवटी शेवटी काका चाचांनाच मी समजून 'बाबू' म्हणून हाक मारत, आणि चाचा 'ओ' देत.

मी पोचलो तेव्हा ऐरणीवर पट्टी तशीच होती. एका भोकाभोवती काकांचे शेवटचे घाव, भोक पुरतं बुजलेलं. टोच्या बाजूलाच, पण उघडायचं राहून गेलेलं. मी ती हातात घेऊन बसलो होतो. भिंतीपलीकडे चाचांचा माग चालत होता. मधेच थांबला. बराच वेळ. पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. मी उठून पलीकडे गेलो तर खिडकीत तांब्या, त्यात कुळथाचं कढण.

"चाचा, हे कधीपासून?"

"अरे काही नाही बेटा. पाण्यातला चुना."

कढण मी मोरीत ओतलं आणि टांगा आणला. डॉक्टर म्हणाले, लघवीची वाट अजून उघडी आहे, पण अडलं की एक दिवसही थांबायचं नाही. हे लिहिण्याचं कारणही तेच. ज्यांच्या घरात म्हातारा माणूस मोरीवर फार वेळ उभा राहतो, त्यांनी तांब्या भरण्याआधी डॉक्टर गाठावा.

पट्टी मी करांचीला घेऊन आलो आहे. ते भोक उघडलेलं नाही. आणि चाचा, तुमची वाट बुजली की मला फक्त कळवा. कोणत्याही कामावर असेन, येईन. तुमची नळी मी उकळीन... आणि शुद्ध हरपून तुम्ही मला दामू म्हणालात, तर 'ओ' देईन.